‘आलीस ते पुरे’ म्हणणाऱ्या विमलमावशी

आदरणीय मेजर विमल पाटोळे (निवृत्त), म्हणजे आपल्या सर्वांच्या विमलमावशी, यंदा पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांच्या गौरवअंकात लिहिण्याचा मान मला मिळाला. मान मिळाला खरा, पण लेखणी हातात धरल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

त्यांची माझी पहिली भेट चंदीगडच्या सेक्टर १७ मध्ये झाली. माझे पती हवाई दलात. त्यांची बदली इकडे झाली आणि आम्हाला चंदीगडला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. बँकेचं काम आटोपून मी चौकातल्या बाकावर बसले होते. शेजारी पांढऱ्या केसांच्या, ताठ बसलेल्या एक बाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, “अगं, ज्वारीचं पीठ मिळतं इथं, पण त्याची भाकरी थापता थापता फाटते.” तीन आठवड्यांनी घराबाहेर ऐकलेलं ते पहिलं मराठी. माझे डोळे भरून आले. मावशींनी फोन ठेवला, माझ्या गळ्यातला छोटा क्रूस पाहिला आणि आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीनं म्हणाल्या, “सलाम. कुठली तू?”

“नगर जिल्ह्यातली.”

“मग महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी माझ्याकडे यायचं. मोहालीला विमानतळाजवळ, एयरोसिटीत घर आहे. मराठी प्रार्थना असते.”

मी गेले. जाताना मोठा डबाभर करंज्या केल्या, सतरंज्या घातल्या, प्रार्थना संपल्यावर सगळ्यांचे कप विसळले आणि झाडू शोधायला लागले. माझा स्वभावच तसा. कुठेही गेलं की आपण उपयोगी पडलो नाही तर लोक परत बोलावणार नाहीत, अशी धास्ती. मावशींनी माझ्या हातातून झाडू घेतला आणि म्हणाल्या, “प्रतिभा, बस आता. आलीस ते पुरे.”

हे वाक्य गेली अकरा वर्षं मी त्यांच्या तोंडून ऐकते आहे. अजून ते मला पचलेलं नाही.

आमच्या ख्रिस्ती श्रद्धेत हा जुनाच प्रश्न आहे. माणसाचं तारण देवाच्या कृपेनं होतं की त्याच्या सत्कर्मांनी? ‘कृपेनं’ हे उत्तर मी चर्चच्या शब्बाथ शाळेत सहाव्या वर्षी पाठ केलं आणि बक्षीस म्हणून पेन्सिल मिळवली. म्हणजे कृपेबद्दलचं उत्तरही मी कष्ट करूनच कमावलं. पाठ असणं वेगळं आणि जिवाला पटणं वेगळं. माझ्या मनात कायम एकच भुंगा: आपण केलं ते पुरेसं झालं का?

हा भुंगा मी माझ्या मुलीच्याही कानात सोडला. तो किस्सा मला सांगितलाच पाहिजे, कारण त्यात मावशी अख्ख्या दिसतात. त्यांच्याकडच्या प्रार्थनेला येणाऱ्या पाचसहा मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. ही मुलं मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. त्यांना गोडी लागावी म्हणून मी एक तक्ता केला. बायबलमधलं वचन पाठ केलं की एक चांदणी, हजेरीला एक, घरी मदत केली की एक. तक्ता मावशींच्या बैठकीच्या खोलीत लावला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

चार महिन्यांनी एका रविवारी माझी एस्तेर अंगात ताप असताना यायला निघाली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मी नको म्हटलं तर रडून गोंधळ घातला. एयरोसिटीला पोहोचेपर्यंत तिला गाडीत दोनदा उलटी झाली. मावशींनी तिला आपल्या पलंगावर निजवलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि विचारलं, “एवढी आजारी असून का आलीस गं?”

“नानी, एक स्टार कम हो जाता,” एस्तेर म्हणाली. “हेवन के लिए कितने स्टार्स लगते हैं, मम्मा बताती ही नहीं.”

मी दारात उभी होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पुढच्या वेळी गेलो तर मावशींनी तक्त्यावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे वर्षअखेरपर्यंतच्या सगळ्या चौकटींत चांदण्या चिकटवलेल्या होत्या. जो मुलगा नाताळाला आणि ईस्टरला तेवढा उगवायचा, त्याच्याही नावापुढे. मुलं बावचळली. “अब क्या करें?” एकानं विचारलं. “आता वचन शिकायचं,” मावशी म्हणाल्या. “आवडलं तर.”

खरं सांगायचं तर मला राग आला. सगळी शिस्त मोडली असं वाटलं. आणि दोन मुलांनी पुढचे दोन महिने एक ओळ पाठ केली नाही, हेही खरं. पण एस्तेर त्या दिवशी घरी जाताना गाडीत गाणी म्हणत होती. कित्येक महिन्यांनी म्हणत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

या अंकाचे संपादक श्री. कुलकर्णी हे मावशींचे शेजारी. केंद्र सरकारच्या कार्यालयातून निवृत्त झालेले, गणपती अथर्वशीर्ष रोज म्हणणारे आणि मावशींच्या हातच्या चहावर पक्का हक्क सांगणारे. तक्त्याची गोष्ट ऐकून त्यांनी मावशींना सरळ विचारलं, “सगळं कृपेवरच मिळायचं असेल, तर मग माणसानं चांगलं वागायचंच कशाला?”

मावशी म्हणाल्या, “कुलकर्णी, तुमच्या आईनं तुम्हाला जेवायला वाढलं ते तुम्ही पाढे पाठ केलेत म्हणून का?”

“नाही.”

“मग तिच्या म्हातारपणी तुम्ही तिचे पाय का चेपलेत?”

वरून एक विमान गेलं. एयरोसिटीत विमान जाईपर्यंत प्रार्थनाही थांबते आणि वादही. मग कुलकर्णी म्हणाले, “उत्तर छान आहे, पण माझं समाधान नाही झालं.”

“माझं तरी कुठं रोज होतं,” मावशी म्हणाल्या.

याच कुलकर्णींनी मला बजावलं की लेखात मावशींची कामं मुद्देसूद आली पाहिजेत. कामांना तोटा नाही. लष्करी परिचर्या सेवेत नर्स म्हणून त्यांनी आयुष्य घातलं. निवृत्तीनंतर मोहालीजवळच्या गावांतल्या मुलींना रुग्णसेवा शिकवली. मी नोकरी करते त्या मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या संस्थेत एक मराठी विद्यार्थी डेंग्यूनं आजारी पडला, तेव्हा मावशी आठ दिवस त्याच्या उशाशी बसल्या. त्याची आई विदर्भातून येऊन पोहोचली, तेव्हा तिला स्वतःची खोली देऊन आपण सोफ्यावर झोपल्या. हे सगळं लिहिलं पाहिजे, आणि मी लिहिलं.

पण मावशींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “कामं लिहिणार असशील, तर कुलवंतचंही लिही. नाही तर माझ्यावर लिहू नकोस.”

कुलवंतची गोष्ट त्यांनी मला मागच्याच महिन्यात सांगितली. का सांगितली, ते आधी सांगते. मावशींच्या हृदयाची एक झडप बदलावी लागणार आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी पुढच्या आठवड्यातला मंगळवार दिला आहे. या वयात धोका आहे हे त्यांनी लपवलं नाही. हे कळल्या दिवसापासून मी उपास धरले. आधी शुक्रवार, मग बुधवारही. चहा सोडला. कामावरून सुटल्यावर रुग्णालयात जाऊन अनोळखी रुग्णांना जेवण भरवू लागले. मनात एकच: मी इतकं केलं तर देव मावशींना ठेवील. एका बुधवारी त्यांच्याकडे डबा घेऊन जाताना जिन्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले. मावशींनी नाडी पाहिली, पापणी ओढून पाहिली आणि सगळं ओळखलं. नर्सपासून काय लपणार?

“किती दिवस चाललंय हे?”

मी सांगितलं. मला वाटलं, त्यांना भरून येईल. त्या चिडल्या. इतक्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“आणि मी गेले तर? तू जन्मभर म्हणत बसणार, गुरुवारचाही उपास करायला हवा होता, मीच कुठं तरी कमी पडले. माझ्या मरणाचं ओझं तू का घेतेस गं डोक्यावर? तुझ्या उपाशी राहण्यावर माझा जीव टांगून ठेवणारा देव मला नको.”

मी रडायला लागले. मग त्यांनी साखरपाणी दिलं, वरणभात कालवून समोर ठेवला आणि मी जेवत असताना सांगितलं.

तरुणपणी, कॅप्टन असताना, त्या पंजाबातल्या एका लष्करी रुग्णालयात होत्या. वॉर्डात कुलवंत कौर नावाची आया होती. एका रुग्ण बाईंची सोन्याची अंगठी हरवली. त्या सकाळी खोलीत फक्त कुलवंतच गेली होती. मावशींनी सगळ्यांसमोर तिला चोर म्हटलं आणि तिची नोकरी गेली. आठवड्यानं अंगठी धोब्याकडून आलेल्या उशीच्या अभ्र्यात सापडली. कुलवंत तोवर गावी निघून गेली होती. मावशींनी चूक कबूल केल्याचं पत्र वरिष्ठांना दिलं, कुलवंतच्या नावावरचा डाग कागदोपत्री पुसला गेला. पण तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं धैर्य त्यांना सहा वर्षं झालं नाही.

“त्या सहा वर्षांत मी वेड्यासारखी राबले,” मावशी म्हणाल्या. “दोन दोन पाळ्या केल्या. सुट्टी घेतली नाही. सगळे म्हणायचे, काय सेवाभाव आहे! तो सेवाभाव नव्हता प्रतिभा, पळापळ होती. कुलवंतचं तोंड बघायला लागू नये म्हणून मी जगाची सेवा करत होते.”

शेवटी त्या तिच्या गावी गेल्या. सोबत एक नवं शिलाई मशीन घेतलं होतं. कुलवंत अंगणात गोवऱ्या थापत होती. मावशींनी माफी मागितली, पत्राची प्रत दिली आणि मशीन पुढे केलं. कुलवंतनं हात धुऊन पत्र घेतलं. म्हणाली, “कागज़ रख लेती हूँ मैडम जी, ये सच है. मशीन वापस ले जाओ.”

मावशींनी पुष्कळ आग्रह केला. तेव्हा ती म्हणाली, “माफ़ तो मैंने कब का कर दिया जी. अब मशीन रखूँगी तो आपको लगेगा, माफ़ी ख़रीद के ले गई. चाय पीनी है तो बैठो.”

“मी बसले,” मावशी म्हणाल्या. “स्टीलच्या पेल्यातला चहा होता. तो पिणं मला जितकं जड गेलं, तितकं दोन दोन पाळ्या करणंही गेलं नाही. द्यायला काही नसताना घ्यायचं म्हणजे माणसाचा सगळा तोरा उतरतो. लहानपणापासून कृपा शब्द ऐकत होते. म्हणजे काय ते त्या शीख बाईनं शिकवलं. त्यानंतरही मी काम केलंच. पण मग रात्री झोप लागायला लागली.”

मी विचारलं, “मावशी, मग ऑपरेशनची भीती नाही वाटत?”

“वाटते की. घशात नळी घालतात ना, त्याची तर फारच वाटते. मी किती जणांना घातलीये! पण देवापुढे काय घेऊन जाऊ, ही नाही वाटत.”

म्हणून मावशींच्या आज्ञेवरून त्यांची चूक त्यांच्या गौरवअंकात लिहिली आहे. कुलकर्णींनी हा भाग वाचून तासाभरानं फोन केला. म्हणाले, “राहू द्या. काढू नका.”

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मंगळवार होऊन गेलेला असेल. काय झालं ते आपल्याला ठाऊक असेल. मला आज ते ठाऊक नाही. इतकं ऐकून, इतकं लिहून माझी भीती गेली, असं मी म्हणणार नाही. काल गुरुवार होता. आणखी एक उपास करावा का, हा विचार दिवसभरात तीनदा मनात येऊन गेला.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘ज्यांनी इतक्यांची सेवा केली, त्यांना परमेश्वर शतायुषी करो.’ मग ते खोडलं. त्यात पुन्हा मावशींच्या कामांची भीड घालून देवाकडून काही काढून घ्यायचा बेत होता, आणि तो त्यांना आवडला नसता. म्हणून साधंच मागते. देवा, आमच्या विमलमावशींना पुष्कळ वर्षं दे, निरोगी दे. त्यांनी काय केलं म्हणून नाही, आम्ही काय करू म्हणून नाही. आम्हाला त्या हव्या आहेत.

आज शुक्रवार. मी पोटभर जेवले आहे, आणि मग हे मागायला बसले आहे.