शेवाळाच्या वड्या

चहा घ्या आणि ऐका. माझी फजिती मीच सांगते. सुनेच्या तोंडून ऐकलीत तर ती तिखटमीठ लावेल, आणि तिला त्याचा अंदाज स्वयंपाकातही येत नाही!

इथे कुवेतला, महबूल्यात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ग्वेन राहते. शाळेत शिकवते. मूळची वेल्सची. “वेल्स म्हणजे इंग्लंड नव्हे,” हे तिने पहिल्याच दिवशी बजावलं. बाणेदार बाई, आवडली मला.

सुट्टीहून परतताना तिने आईकडून समुद्रातलं शेवाळ आणलं. हो, शेवाळच! आपण ज्यावरून घसरतो ते तिकडे चवीने खातात. शिजवून लगदा करायचा, ओटच्या पिठात घोळवून तळायचा. वर्षातून एकदा मिळणारा माहेरचा घास! नेमकी तिची शेगडी बिघडली, म्हणून पिशवी माझ्याकडे आली.

“आजी, मंद आचेवर पाच-सहा तास,” ग्वेन म्हणाली. तिचं इंग्रजी मला कळतं. शाळा चौथीपर्यंतच, बाकी सगळं टीव्हीसमोर बसून कमावलंय.

पण सहा तास? पालेभाजी शिजवायची की डांबर?

पिशवी उघडली तर काय, लांबच लांब, काळीहिरवी, तलम पानं! अशी पानं बघून कुठल्या बाईचे हात शिवशिवणार नाहीत? बेसन, चिंच, गूळ लावून गुंडाळ्या केल्या, वाफवल्या, कापून खमंग तळल्या.

“आई, एक चाखून तरी बघा,” सून म्हणाली.

“पाहुण्याआधी चाखायचं? तुमच्याकडे असेल पद्धत!”

संध्याकाळी ग्वेन आली. वडी बघून थबकली, पण बिचारीने तोंडात घातली. चावू लागली. चावतच राहिली. डोळ्यांत पाणी! मला वाटलं, आईची आठवण आली. मलाही भरून आलं हो.

मुलगा चावतोय, सून चावतेय, कुणी चकार शब्द काढेना. आमच्या घरात इतकी शांतता! म्हटलं, याला म्हणतात हाताची चव.

ग्वेनने ताटावर दोन्ही हात आडवे धरले. आता आपल्यात याचा अर्थ काय? अजून आग्रह करा! बोटांच्या फटीतून मी आणखी दोन सरकवल्या.

मग शेवटी मी बसले. ऐटीत मोठा तुकडा तोडायला गेले. तुटेना. जोर लावून ओढला. वडी आली, आणि वडीबरोबर माझी अख्खी कवळी!

ग्वेनने घास एकदाचा गिळला. “आजी, पाच-सहा तास म्हटलं होतं ना? आईने दिलेलं सगळंच संपवलंत?”

उत्तर तयार होतं. माझ्याकडे उत्तर नेहमीच तयार असतं! पण ते द्यायला लागणारे दात वडीत रुतले होते.