सातव्या दिवसाचा कोरा चौकोन

मालकांनी सातवा दिवस खोडला, आणि तोही पेनाने.

त्या कचेरीत सहलीचा आराखडा एका मोठ्या कागदावर निघायचा. एका दिवसाला एक चौकोन. जहाज कंपनीचं, बसवाल्याचं आणि जंगलातल्या मुक्कामाचं पक्कं पत्र हाती पडेपर्यंत सगळं पेन्सिलीत लिहायचं. पेन उचललं म्हणजे शब्द दिला. हा नियम थोरल्या मालकांचा, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांचा. नकाशाबाईंनी तो एकोणीस वर्षं पाळला होता. थोरले मालक गेले, चिरंजीव आयत्या बिळावर नागोबा होऊन खुर्चीत बसले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी हा उद्योग केला. बाई जेवायचा डबा धुवायला गेल्या होत्या तेवढ्यात.

नकाशाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण टेबलावरच्या काचेखाली नकाशा, पाठीमागच्या भिंतीवर नकाशा, डब्याखाली अंथरायला जुना नकाशा, मग लोक दुसरं काय म्हणणार? वय एक्कावन्न, कानावर पेन्सिल, आवाज असा की फोन नसता तरी पलीकडच्याला ऐकू गेलं असतं. हिमनद्यांच्या सहलीचा आराखडा सबंध त्यांचा. सहा दिवस जहाजावर, बर्फाच्या कड्यांच्या कुशीतून. मग बंदरावर उतरायचं, आणि आठव्या दिवशी बसने नऊ तास रानात. त्यातला निम्मा रस्ता खडीचा. पुढे लाकडी खोल्या, अस्वलं, नद्या, शेवटी विमान. आणि मधला सातवा दिवस कोरा. त्या चौकोनात बाई एक अक्षरही लिहीत नसत.

तो कोरा दिवस काही आभाळातून पडला नव्हता. सहल परतली की बाई एकेका प्रवाशाला फोन करायच्या. काय आवडलं, किती फोटो काढले, असलं काही नाही. एकच प्रश्न: "तुम्हाला कुठे बसावंसं वाटलं?" आधी लोक गोंधळायचे. मग आठवून सांगायचे. धक्क्यावरच्या चौतीस पायऱ्या चढल्यावर. दुसऱ्या दिवशी डेकवर, पण बाक ओला होता. आणि जवळजवळ प्रत्येक जण हे सांगायचाच, की जहाजातून उतरलो त्या दिवशी दिवसभर पायाखालची जमीन हलत होती, तेव्हा कुठेतरी नुसतं बसावंसं वाटलं. सात वह्या भरल्या होत्या अशा उत्तरांनी. त्यात भर म्हणजे धुकं. धुक्यात जहाज कधी चार तास उशिरा लागे, कधी सहा. उतरल्या उतरल्या माणसांना बसमध्ये कोंबायचं आणि खडीवरून खडखडत न्यायचं, म्हणजे घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं.

हे सगळं बाईंनी मालकांना सांगितलं. एकदा नव्हे, तीनदा. मालक म्हणाले, लोक बघायला येतात, लोळायला नाही. हा रिकामटेकडा दिवस काढला की सहल तेरा दिवसांत बसते आणि पुढची तुकडी एक दिवस आधी निघते. मंगळवारी माहितीपत्रक छापखान्यात जाणार, आता बदल नाही. बाईंनी वह्या आणून टेबलावर ठेवल्या. मालकांनी वरची वही बोटाने सरकवली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः एकदा तरी गेला आहात का तिथे? उंटावरून शेळ्या हाकायच्या, तर निदान आवाज तरी हळू ठेवा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर मालकही पूर्ण गेले नव्हते. जहाजावर सहा दिवस राहून ते बंदरावरूनच विमानाने परतले होते. खडीचा रस्ता त्यांनी फोटोतसुद्धा बघितला नव्हता. हे सगळं बाईंच्या जिभेवर आलं होतं. पण बाई खरोखरच कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी वह्या उचलल्या आणि खुर्ची अशी सरकवली की खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरने वर बघितलं असेल.

राग एवढाच असता तर तो दोन दिवसांत निवला असता. बाईंचे राग दुधासारखे, उतू जायचे आणि बसायचे. पण या सहलीत त्यांची ताई होती.

ताई सदुसष्ट वर्षांची. आई लवकर गेली तेव्हापासून बाईंना तिनेच वाढवलं. इस्पितळाचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात तिने अडतीस वर्षं बाह्या जोडल्या. फक्त बाह्या. सबंध सदरा तिने कधी शिवला नाही. कारखान्यातून घरी आली की बाहेरची शिवणकामं, रविवारी धाकटीचे गणवेश. आता एक खुबा दुखरा, आणि डाव्या कानामुळे तोल जरा कच्चा. धाकटीने आखलेली सहल म्हणून तिने नाव घातलं होतं, आणि पेन्सिलीतला आराखडा मागून घेऊन तो शिवणयंत्रासमोरच्या भिंतीवर टाचणीने लावला होता.

संध्याकाळी बाई तिच्या खोलीवर गेल्या त्या भांडायच्या तयारीनेच. दारातूनच सुरुवात केली. तू येऊ नकोस, नाव काढून घे, नऊ तास खडीवर तुझा खुबा टिकायचा नाही. त्या उद्धट माणसाच्या सहलीत माझी बहीण जाणार नाही. ताईने शांतपणे दोरा कापला आणि म्हणाली की इतकं ओरडायला काय झालं, मी काय काचेची आहे? बाई आणखी चिडल्या. राग मालकांचा आणि निघत होता ताईवर. हे त्यांना कळत होतं, तरी तोंड थांबत नव्हतं. जायचंच असेल तर जा, म्हणाल्या, बर्फ बघ आणि पडून ये, मी येईन न्यायला.

"बर्फाचं काय गं," ताई म्हणाली. "बर्फ मी बघेन, छान असेल. पण मी नाव घातलं ते त्यासाठी नाही."

मग कशासाठी, बाईंनी विचारलं.

ताईने भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. "हा सातवा चौकोन. तू त्यात काहीच लिहिलेलं नाहीस. माझ्या आयुष्यात असा एक दिवस झालेला नाही. कुणी मला ओळखत नाही, कुणाला माझ्याकडून काही नको. मी एका बाकावर बसणार आहे, बस. तेवढ्यासाठी मी बाकीचे तेरा दिवस सोसणार आहे."

बाई दारातून आत येऊन बसल्या. एकोणीस वर्षं त्या लोकांना विचारत होत्या, कुठे बसावंसं वाटलं म्हणून. ज्या ताईने त्यांच्यासाठी जन्मभर पाठ टेकली नाही, तिला त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता त्यांना स्वतःचाही राग आला, आणि तो मालकांच्या रागापेक्षा जड होता. सातवा दिवस आता नाही, हे त्यांनी ताईला सांगितलंच नाही. सांगायची हिंमतच झाली नाही. चहा न घेताच त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडताच त्यांनी फोन ओढला. प्रवासी सतरा. ताईला सोडून सोळा. मालक समोरच्या खोलीत, दार उघडं. बाईंनी आवाज हळू ठेवला नाही. प्रत्येकाला अगदी सभ्यपणे सांगितलं, की आराखड्यात बदल आहे, सहा दिवस जहाज झालं की धक्क्यावरून थेट बस, नऊ तास, निम्मा रस्ता खडीचा, जहाज उशिरा आलं तर रानात पोचायला अंधार होईल. तुमची हरकत नाही ना? एवढंच विचारलं.

निवृत्त मुख्याध्यापिकेने विचारलं की हा शहाणपणा कुणाचा. एका जोडप्याने सांगितलं की असं असेल तर आमची नावं काढा. एक गृहस्थ म्हणाले चालेल, त्यापेक्षा वाटेत आणखी एक हिमनदी टाका. असा एक जण प्रत्येक सहलीत असतोच. नववा फोन चालू असताना मालक बाहेर आले आणि बाईंच्या टेबलासमोर उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे बघत दहावा क्रमांक फिरवला. सोळापैकी तेरा जणांनी नकार दिला.

मालक लाल झाले होते. माझीच माणसं माझ्याविरुद्ध भडकवता, म्हणाले. बाईंनी शांतपणे सांगितलं की आपण कुणालाही भडकवलेलं नाही, आराखडा वाचून दाखवला. तो तुमचाच आहे, पेनाने केलेला. तेरा नावं गेली तर चौघांना घेऊन बस भरत नाही, हे मालकांना सांगावं लागलं नाही. एवढं गणित त्यांनाही येत होतं. मग म्हणाले, ठीक आहे, तो दिवस परत घाला, आणि खोडलेल्यावर पांढरा रंग लावून भागवा.

बाईंनी पांढरा रंग लावला नाही. नवा कागद घेतला, चौदा चौकोन आखले. पत्रं सगळी आली होती, म्हणून यावेळी पेनाने. मालक मागे उभे राहून सांगत होते की सातव्यात निदान एवढं तरी लिहा, मालकांतर्फे खास विश्रांती. बाईंनी सहावा चौकोन भरला, सातवा सोडला, आठवा भरला. राग अजून निवला नव्हता, पण अक्षर सरळ आलं.

मग त्यांनी प्रवाशांची यादी पुढे ओढली. जहाजावरच्या खोल्या दोघादोघांच्या. ताईच्या खोलीतला दुसरा पलंग रिकामा होता. त्या ओळीवर बाईंनी त्याच पेनाने आपलं नाव लिहिलं आणि चौदा दिवसांच्या रजेचा अर्ज यादीवर ठेवला. एकोणीस वर्षांतली त्यांची ही पहिली लांब रजा.

मालकांनी अर्ज दोनदा वाचला. नाही म्हणायची सोय त्यांनी कालच घालवली होती, तुम्ही कधी गेला आहात का असं विचारून. शेवटी ते म्हणाले, "आणि इथे काही अडलं तर? रानात फोन लागत नाही. सातव्या दिवशी तरी बंदरावर तुम्हाला फोन करता येईल ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी ताईशेजारी बसलेली असेन."