दोन फॉर्म, एक माणूस

दोन्ही फॉर्म टेबलावर शेजारीशेजारी ठेवून डॉक्टर मॅडमनी विचारलं, "एकाच माणसाचे आहेत ना हे?"

एकाच माणसाचे होते. मंगळवारी मी फोनवर इंटरव्ह्यू घेतला, त्यात तीव्र डिप्रेशन निघालं. गुरुवारी सकाळी माझी सहकारी सेल्वी त्यांच्या घरी जाऊन आली. तिच्या फॉर्मवर आजार काहीच नाही.

कुंभकोणमच्या त्या प्रोजेक्टमध्ये आमचं काम हेच होतं. मानसिक आजाराचं निदान फोनवर करता येतं, की समोर बसूनच करावं लागतं, हे तपासायचं. प्रश्न ठरलेले, क्रमही ठरलेला. एकीने फोनवर विचारायचं, दुसरीने समोर बसून. एकमेकींचे फॉर्म पाहायचे नाहीत. निदानं जुळली नाहीत, तर समोरासमोरचं खरं धरायचं.

हे गृहस्थ सुंदरराव. जवळच्या दारासुरमला राहणारे निवृत्त शाळामास्तर, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच वाढलेल्या मराठी घरातले. म्हणून त्यांचा फोन माझ्याकडे आला. मी सांगलीची. इथे येऊन सात महिने झाले होते. ऑफिसात तमिळ आणि इंग्रजी, खोलीवर कोणीच नाही. त्यांचा पहिला मराठी शब्द कानावर पडला तेव्हा मला प्रश्नांचा कागद क्षणभर दिसेना.

झोप, भूक, थकवा. प्रत्येक प्रश्नाला ते सावकाश उत्तर देत होते, जुन्या वळणाच्या मराठीत. शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. ते म्हणाले, "रोज सकाळीं वाटतें." मी त्याच दिवशी मॅडमना कळवलं होतं. म्हणून तर सेल्वीची भेट लवकर ठरली.

मॅडमचं म्हणणं होतं की त्यांची मराठी आणि माझी मराठी वेगळी, मी एखादा शब्द चुकीचा घेतला असेन. शंका रास्त होती. मलाही ती आली होती.

मी म्हणाले, "माझी चूक असेल तर एक फॉर्म बाद होईल. नसेल तर माणूस जाईल. मला आज जाऊ द्या."

त्यांनी जाऊ दिलं. टाउन बसने दुपारी पोचले. मुलाने दार उघडलं, सून कॉफी घेऊन आली. दोघं चांगली माणसं. दोघंही आमच्यासोबत बसून राहिली. सुंदरराव तमिळमध्ये हसून म्हणाले, सगळं उत्तम आहे. पण शर्ट अंगावर लोंबत होता, कमरेचा पट्टा नव्या भोकात ओढलेला. फोनवर हे मला दिसलं नव्हतं.

मला बस स्टॉपपर्यंत सोडायला चला, असं मी त्यांना म्हटलं. रस्त्यावर आल्यावर मराठीत विचारलं, सेल्वीला वेगळं का सांगितलंत?

"लेक समोर बसला होता," ते म्हणाले. "मज जगूं वाटत नाहीं हें त्यास ऐकवूं? तो म्हणेल, माझ्याकडे काय कमी पडलें?" थोडं चालल्यावर म्हणाले, "बायको गेल्यापासून घरांत मराठी बोलणारें कोणी नाहीं. तुम्ही फोन केला, तेव्हां बोललों."

त्यांच्या परवानगीने मी मुलाशी बोलले. तो रस्त्यातच रडला. संध्याकाळी सुंदरराव, मुलगा आणि सून मॅडमसमोर बसले होते. औषधं सुरू झाली, दर आठवड्याला भेटी. दोन महिन्यांनी सुंदररावांनी मला फोन करून सांगितलं की गोविंदपुरमच्या विठ्ठल मंदिरात भजनाला जाऊन आलो, पुढच्या शनिवारीही जाणार आहे.

रिपोर्टमध्ये मात्र ही जोडी 'निदान जुळलं नाही' म्हणून गेली, आणि चूक फोनच्या नावावर लागली. नियम तसा होता. प्रोजेक्ट संपल्यावर पेशंटचे नंबर खोडायचे, संपर्क ठेवायचा नाही, हाही नियम. त्यांचा खोडला त्या दिवशी, या गावात मला मराठीत फोन करणारं कोणी उरलं नाही.

आता मी कुठलाही इंटरव्ह्यू घेतला की फॉर्मच्या समासात पेन्सिलने लिहिते: खोलीत आणखी कोण होतं. छापील फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.