स्टँडवर माझी चप्पल नव्हती

‘ऊपर कोई नहीं है! स्टैंड खाली है!’ चौकीदार खालून ओरडला, तेव्हा मी वरच होते. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीचे गज धरून.

खाली कडुलिंबाजवळ आमच्या वर्गातल्या सगळ्या बायका उभ्या होत्या. वर कोणीच बघत नव्हतं. सगळ्यांची तोंडं मोठ्या दाराकडे, कारण धूर तिथून निघत होता. मी हाक मारली. धोक्याची घंटा वाजत होती, तिच्यापुढे माझा आवाज काय पोचणार. दुसऱ्यांदा हाक मारली तर ठसकाच लागला. मागे हॉलमध्ये चटया पसरलेल्या होत्या तशाच होत्या आणि दारातून धूर आत शिरत होता. फोडणी जळल्यावर घरात होतो तेवढाच, पण वाढत होता.

मला देव आठवला नाही. मुलगाही आठवला नाही. एवढंच वाटलं, की ह्या सगळ्यांमध्ये एकीनं जरी विचारलं, ती म्हातारी कुठे गेली, तर मी खाली जाईन. नाहीतर नाही.

मी त्या इमारतीत काय करत होते ते सांगते, कारण मी चौथी शिकलेली बाई, माझं विद्यापीठात काही काम नव्हतं. तिथे योगाचा एक विभाग आहे. तिथल्या मुलींना शिकवण्याचा सराव करायला माणसं लागतात. आसपासच्या कॉलन्यांमधल्या म्हाताऱ्या बायकांना त्यांनी दुपारी बोलवायला सुरुवात केली. पैसे नाहीत, पंखा आहे, थंड पाणी आहे. मी उज्जैनमध्ये नानाखेड्याला दोन खोल्यांत एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा इंदूरला असतो. इंदूर म्हणजे काही लांब नाही, पण तो दिवाळीला येतो आणि एकदा मधे कधीतरी. मला दुपारी बसायला जागा हवी होती, म्हणून मी जाऊ लागले. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा बाकीच्या चटईवर आणि मी मागे खुर्चीवर. हात वर, हात खाली. तेवढाच माझा योग.

हॉलमध्ये चप्पल चालत नसे. सगळ्या बायका दाराबाहेर चपला काढायच्या, देवळाबाहेर असतो तसा ढीग. मी माझ्या चपला पिशवीत घालून खुर्चीखाली ठेवायची. मला शुगर आहे. पायांना काही कळत नाही. एकदा भर उन्हाळ्यात घाटावर अनवाणी चालले तर तळव्याला फोड आले आणि मला घरी येऊन फरशीवर पाण्याचे डाग बघितल्यावर समजलं. पाय बरा व्हायला तीन महिने गेले. तेव्हा डॉक्टरनं दम दिला, ‘अम्मा, एक क़दम भी नंगे पैर नहीं.’ तेव्हापासून दारापर्यंत चपला पायात, आणि खुर्चीवरून उठायचं झालं की लगेच पायात. पिशवी भैरवगढ़च्या छापाच्या जुन्या चादरीची मीच शिवलेली.

वर्गात एक अमरावतीची बाई होती. नवऱ्याची बँकेची नोकरी, त्यानिमित्तानं उज्जैनला आले, इथेच घर बांधलं, मग नवरा गेला. ती माझ्या पुढच्या चटईवर असायची आणि सारखी मागे वळून बोलायची. आमचं घराणं इथे पेशव्यांच्या काळापासून. तिची मराठी अमरावतीची, माझी उज्जैनची. दोघींना एकमेकींची मराठी हिंदीच वाटायची.

‘काय वहिनी, सोन्याच्या आहेत का चपला? कडेवर घेऊन फिरता.’

‘सोन्याच्या असत्या तर तुमच्यासमोर काढल्या असत्या का?’

‘अव माय! आमच्याकडे चोर समजून राहिल्या की काय!’

पंख्यावरूनही आमचं वाजायचं. मला वारा हवा, तिला सर्दी होई. शिकवणारी पोर बिचारी बटणापाशी उभी राहून दोघींकडे बघायची.

त्याच सुमाराला इमारतीच्या सुरक्षेचं काम एका मॅडमकडे आलं. इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या होत्या, हिंदी बोलायच्या, चालायच्या भराभर. इमारतीला आग लागली तर माणसं बाहेर कशी काढायची, ह्याची योजना त्यांनी करायची होती. त्यांनी मागच्या जिन्याचं कुलूप काढायला लावलं. त्यासाठी त्यांना कार्यालयात बरेच खेटे घालावे लागले, हे मी पॅसेजमध्ये बसून ऐकलेलं आहे. मग एका दुपारी त्यांनी घंटा वाजवून सराव घेतला.

घंटा वाजली. आम्ही सगळ्या उठलो आणि दारापाशी जाऊन थांबलो. चपला शोधायला.

मॅडम घड्याळ घेऊन जिन्यात उभ्या होत्या. ‘माताजी, चलिए! आग लगी है!’

‘हाँ बेटा, बस चप्पल मिल जाए.’

‘अरे, छोड़िए चप्पल!’

‘नई है बेटा.’

एकीनं दुसरीची घातली. तिनं ओळखली. तिथेच उभ्या राहून भांडल्या. मागून यायला कोणाला वाट नाही. मॅडमनी घड्याळ खिशात टाकलं आणि कपाळाला हात लावला. उज्जैनमध्ये माणूस देवळातून बाहेर येतो तो आधी चपला बघतो आणि मग जग. आग लागली म्हणून ती सवय जात नाही. मॅडम रागावल्या नाहीत, हे मला आवडलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी वरचा ढीगच बंद केला. खाली मागच्या जिन्याजवळच्या व्हरांड्यात लोखंडी स्टँड आणून ठेवला. चपला खाली काढायच्या आणि अनवाणी वर यायचं. म्हणजे पळताना वर कोणी अडणार नाही, आणि खाली आलेली बाई चपला उचलून तशीच पुढे जाईल. दुसऱ्या सरावाला सगळ्या पटापट उतरल्या. चौकीदाराला त्यातून आणखी एक गोष्ट सापडली. स्टँड रिकामा झाला म्हणजे माणसं उतरली. एक जोड उरला तर एक बाई वर आहे. मॅडमना ते इतकं पटलं की त्यांनी ते योजनेतच घातलं.

मी मात्र चपला घालूनच वर जायची. मॅडमनी बघितलं.

‘आप नीचे क्यों नहीं रखतीं?’

मी पाय दाखवला. त्या खाली वाकल्या, नीट बघितला, म्हणाल्या, ‘ठीक है. फिर आपके लिए एक साथी चाहिए. जो देखे कि आप उतरीं या नहीं.’ आणि हॉलमध्ये सगळ्यांना विचारलं, ह्या अम्मांची साथी कोण होणार.

कोणी हात वर केला नाही.

त्याचं कारण मला माहीत आहे. माझी जीभ. मी एकीच्या सुनेला काय म्हटलं होतं, दुसरीच्या डब्यातल्या पोह्यांना काय म्हटलं होतं. पण त्या दुपारी चाळीसेक बायका चटईकडे बघत बसल्या आणि मी खुर्चीवर, सगळ्यांपेक्षा उंच. खाली बसता आलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी अमरावतीची म्हणाली, ‘माझं नाव घ्या मॅडम. कोणीच घेऊन नाही राहिलं तर काय करता.’

‘मला कोणी नको,’ मी म्हटलं. ‘मी उतरते माझी माझी.’

‘बघा, अशा आहेत ह्या,’ ती सगळ्यांना म्हणाली. सगळ्या हसल्या. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांना दुसरीकडे जायचं होतं. ते तसंच राहिलं.

आग लागली त्या दिवशी मी बाथरूमला गेले होते. ते पॅसेजच्या टोकाला आहे. बायका शवासनात डोळे मिटून पडलेल्या, मी उठून गेले हे कोणी बघितलं नसणार. आत असताना दिवा गेला आणि घंटा वाजली. मला वाटलं पुन्हा सराव. म्हटलं, होऊ दे त्यांचं. मला उठायला वेळ लागतो. बाहेर आले तर पॅसेजमध्ये धूर. मोठ्या जिन्याखाली विजेचा बोर्ड आहे, तो पेटला होता हे नंतर कळलं. सगळ्या बायका तोवर मागच्या जिन्यानं गेलेल्या होत्या, शिकवलं होतं तसं. योजना बरोबर चालली. मागच्या जिन्याला तेव्हा कठडा नव्हता. मॅडमनी तो मागितला होता, मंजूरही झाला होता, बसवलेला नव्हता. कठड्याशिवाय माझे गुडघे उतरत नाहीत, सरावातही मी मोठ्या जिन्यानंच उतरायची. त्या जिन्याच्या तोंडाशी मी गेले, खाली अंधार बघितला आणि हॉलमध्ये परत आले, कारण हॉलला खिडकी होती.

आणि मग चौकीदार तसं ओरडला. त्याची काही चूक नाही. स्टँड खरंच रिकामा होता.

मी पायातली चप्पल काढली आणि गजांमधून फेकली. ती खालच्या छज्ज्यावर पडली आणि तिथेच राहिली. आता एकच होती. मी गजांमधून हात कोपरापर्यंत बाहेर काढला आणि जितक्या लांब जाईल तितक्या लांब ती फेकली.

कडुलिंबाच्या अलीकडे पडली. एका बाईनं बघितलं आणि बाजूला सरकली, पाल बघून सरकतात तशी. मग अमरावतीची वाकली, चप्पल उचलली आणि उलटी करून बघितली. माझी चप्पल सगळ्यांमध्ये ओळखू येते. डाव्या टाचेला रबर लावलेलं आहे.

तिनं वर बघितलं.

‘अरे, ती वर आहे!’ तिचा आवाज घंटेपेक्षा मोठा निघाला. ‘भैया, वो ऊपर है!’

‘अम्मा, स्टैंड खाली है…’

‘चूल्हे में गया तेरा स्टैंड! उसकी चप्पल स्टैंड पे रहती ही नहीं!’

ती मागच्या बाजूला पळाली. चौकीदार तिच्यामागे. मी पॅसेजमधून भिंतीला हात लावत जिन्याकडे गेले, तोंडावर पदर धरून. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुराचं. जिन्याच्या वळणावर चौकीदाराचा टॉर्च दिसला, आणि त्याच्यामागे ती, धापा टाकत.

‘तुम्ही कशाला आलात?’ मी म्हटलं.

‘भांडायला,’ ती म्हणाली. ‘पंखा बंद केला का ते बघायला. या आता.’

चौकीदार माझ्या पुढे, उलटा उतरत, माझे दोन्ही हात धरून. ती माझ्या मागे, माझा ब्लाउज मुठीत धरून. मधेच थांबायला लावलं तिनं.

‘अनवाणी आहात तुम्ही.’

‘चपला खाली फेकल्या ना.’

‘माझ्या घाला.’

‘तुमच्या मला मोठ्या होतात.’

‘वहिनी, लग्नाला नाही चाललो आपण!’

घातल्या. मोठ्याच होत्या. ती अनवाणी उतरली. जिन्यात सिमेंटची खडी पडलेली होती. बाहेर आल्यावर बघितलं तर माझ्याही पायातून रक्त येत होतं, ते आधीच, पॅसेजमध्ये कशानं तरी लागलेलं. मला कळलं नव्हतं. तिला मात्र प्रत्येक खडा कळला असणार. कडुलिंबाखाली ती खाली बसली आणि खोकत राहिली, थांबेचना. माझी ती एक चप्पल तिच्या हातातच होती. मॅडम धावत आल्या.  बंबवाले तोपर्यंत फाटकात आले होते.

तिला चार दिवस दवाखान्यात ठेवलं. मी पायाला पट्टी बांधून रोज गेले. पहिल्या दिवशी म्हणाली, ‘केळी नका आणू, मला सर्दी होते.’ मी दुसऱ्या दिवशीही केळीच नेली. तिचा मुलगा अमरावतीहून आला होता. भला माणूस. मला म्हणाला, ‘मावशी, आईला आता एकटं नाही ठेवायचं.’ त्यानं घर भाड्यानं दिलं आणि तिला घेऊन गेला. ऑटोत बसताना ती म्हणाली, ‘आता पंखा लावा, पाहिजे तेवढा.’

माझ्या मुलाला मी काही सांगितलं नाही. तो पुढच्या वेळी आला तेव्हा मी लंगडत होते. पायाला काय झालं असं त्यानं विचारलं असतं तर सांगितलं असतं.

वर्ग पुन्हा सुरू झाला. मागच्या जिन्याला कठडा बसला. मॅडमनी स्टँडच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात माझ्यासाठी जागा करून दिली आणि सांगितलं, घरून एक जुना जोड आणून तिथे ठेवा, आल्यावर पुढे ओढायचा, म्हणजे तुम्ही वर आहात, जाताना आत ढकलायचा. मी तसं करते. चौकीदार रोज बघतो आणि मान हलवतो. साथी कोण, असं मॅडमनी पुन्हा विचारलं, तेव्हा एका बाईनं हात वर केला. ह्या वेळी मी नाही म्हटलं नाही. ती बाई चांगली आहे, कमी बोलते. पंखा लावू का, असं कोणी विचारत नाही. तो चालूच असतो. मी पदर खांद्यावरून घेऊन बसते.

अमरावतीहून आधी आठवड्याला फोन यायचा. आता कधीतरी येतो. तिला ऐकू कमी येतं, मला ओरडून बोलायला आवडत नाही.

त्या दिवशी इमारतीत होत्या त्या सगळ्या बायका वाचल्या. चौकीदार वाचला. मी वाचले, तीही वाचली. ती अमरावतीला असते, मी इथे.