वालपराइसोचा रस्सा

मस्कतला हमरियाच्या बाजारात काल वाम मासळी दिसली आणि वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटमधली एक जुनी दुपार आठवली. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. नवरा बोटीवर इंजिनिअर होता आणि संध्याकाळी पुन्हा निघायचा होता.

मी वामीचा रस्सा वाढला. पहिल्याच घासाला ते म्हणाले, "अगं, चिलीत वालपराइसो म्हणून बंदर आहे, सगळं डोंगरावर वसलेलं. पायऱ्या चढून वर गेलं की एक म्हातारी अगदी असाच रस्सा वाढते. तुला तिथे जेवायला नेणार आहे मी. तिच्या खाणावळीचं नाव..."

"पुरे!" मी चिडले. "आता नऊ महिने दिसणार नाही तुम्ही, आणि कौतुक त्या म्हातारीचं!"

खाणावळीचं नाव राहूनच गेलं. संध्याकाळी ते निघाले. त्याच फेरीत, भर समुद्रात, त्यांचं हृदय बंद पडलं.

तेव्हा वाटलं होतं, यांना घराची ओढच नाही. खरं तर तिकडे एकट्याने जेवताना त्यांना माझी आठवण आली होती.

निवृत्त झाल्यावर मी वालपराइसोला गेले. चार दिवस दिसेल त्या खाणावळीत जेवले. शेवटच्या दिवशी वाढणाऱ्या मुलीने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून खुणेनेच विचारलं, कुणी यायचंय का?

मी मान हलवून हो म्हटलं.