उन्हाळ्यातला चिमटा

मे महिना लागला की माझा मुलगा रोज सकाळी माझ्या हाताला चिमटा काढतो. तो पन्नाशीला आलाय, शाळेत मास्तर आहे, आणि मी चांगली शुद्धीवर असते. तरीही. पंजाच्या पाठीवरची कातडी दोन बोटांत धरून वर ओढायची, सोडायची आणि ती खाली बसते का ते बघत राहायचं. माझी कातडी काही बसत नाही. ती तशीच उभी राहते आणि मग तिच्या मनात येईल तेव्हा सावकाश उतरते.

"आई, पाणी कमी झालं तुह्यं," असं तो म्हणतो आणि लगेच साखरमिठाचं पाणी येतं. मग ताक, मग पन्हं. नालवाडीच्या आमच्या घरात त्या दिवसांत मला दोनच कामं असतात, पिणं आणि संडासाच्या वाऱ्या. सून मध्ये पडत नाही. ती बिचारी ग्लास विसळत राहते.

हा चिमटा त्यानं कुठून उचलला ते मला ठाऊक आहे. त्याचे बाबा एका मे महिन्यात भर दुपारी बाजारातून आले आणि दारातच कोसळले. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या हाताची कातडी उचलून त्याला दाखवली, अंगात पाणीच उरलं नाही म्हणाले. ते घरी परतले नाहीत. म्हणून मीही मुकाट्यानं हात पुढे करत आले.

पण यंदा मला आर्वीला जायचं होतं. माझी मोठी बहीण तिथे अंथरुणाला खिळलीय. बोलणंही कमी होत चाललंय. फोन कानाला लावला की एवढंच विचारते, "येऊन राह्यली का वं?" सकाळची एसटी धरली तर ऊन चढायच्या आत पोचता येतं. मी पिशवी भरली. निघायच्या दिवशी सकाळी चिमटा, कातडी उभी, जाणं रद्द. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी मीच त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी माझी जीभ बघितली, नाडी बघितली, लघवीचं विचारलं. "आजी ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "अहो मास्तर, या वयात कातडीचा ताणच जातो. ओढली की ओढली जाते, परत जागेवर यायचा जोर तिच्यात राहत नाही. पाणी भरपूर असलं तरी. म्हाताऱ्या माणसाच्या हातावरून काही ठरवू नका."

मुलानं मान डोलावली. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी पिशवी दाराशी ठेवली, तर हा समोर उभा. "आई, जीभ दाखव." मी दाखवली. ओली होती. तरी त्याची बोटं हाताकडे आलीच. माझं डोकंच फिरलं.

"सोड!" मी ओरडले. "हे तुह्या बापाची कातडी नाई, माही आहे. म्हातारी झाली, वाळली नाई. मले काही होत नाई. अन् तिकडे माही बहीण चालली, तिले मी कधी पाहू?"

सून स्वयंपाकघराच्या दारात ग्लास घेऊन थबकली. मुलानं चिमटा सोडला. कातडी अजून उभीच होती. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"बाबाबी त्या दिवशी असंच म्हनून गेलते," तो म्हणाला. "मले काही होत नाई म्हनून."

मी वाकून पिशवी उचलली.

"मी येतो संग," तो म्हणाला.

मला ताईच्या उशाशी एकटीनं बसायचं होतं. कुणी पाणी पी म्हणणार नाही, असं बसायचं होतं.

"चाल," मी म्हटलं. "पण बाटली तू धर."