लाँड्रीतली पदवीधर

माझी मोठी जाऊ एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. मी तिला ताई म्हणते. लाँड्रीतले लोक मात्र तिला 'इस्त्री' म्हणायचे. ती कपड्यांना इस्त्री करायची म्हणून नव्हे, त्यासाठी रोलरचं मशीन होतं. दोन माणसांत जरा तणातणी झाली की ही मध्ये पडणार आणि सगळं सपाट करूनच बाहेर येणार, म्हणून इस्त्री.

लाँड्री तळघरात होती. मधोमध एक भिंत, आणि भिंतीतच बसवलेली भलीमोठी धुलाई मशीनं. अलीकडच्या दारातून वॉर्डातल्या मळक्या चादरी आत टाकायच्या, पलीकडच्या दारातून धुतलेल्या काढायच्या. मळकी बाजू आणि स्वच्छ बाजू यांची माणसंही वेगळी. ताई मळक्या बाजूला लागली होती, हळूहळू स्वच्छ बाजूला आली आणि शेवटी सगळ्या पाळीची देखरेख तिच्याकडे आली. त्याच्यावर एकच पायरी उरली होती, विभागप्रमुखाची.

त्या वेळच्या प्रमुख बाई निवृत्तीला आल्या होत्या. एक दिवस त्यांनी ताईला बोलावून सांगितलं, "माझ्या मनात तूच आहेस. पण या जागेला पदवी लागते. तिथे माझं काही चालत नाही."

ताई घरी आली आणि गच्चीवर माझ्याबरोबर कपडे वाळत घालायला लागली. मग चिमटा दातात धरूनच म्हणाली, "मला त्या खुर्चीचं एवढं नाही गं. पण कुणी 'शिक्षण किती' विचारलं ना, की मला आधी घसा खाकरावा लागतो."

तिनं कॉलेजचं पहिलं वर्ष पास केलं होतं. दुसऱ्या वर्षाला तिची आई अंथरुणाला खिळली आणि कॉलेज सुटलं. मग लग्न, मुलं, नोकरी. आता रोज दिवसा वर्गात जाऊन बसायचं तर नोकरी सोडावी लागणार, आणि नोकरी सोडली तर फी कुठून भरणार? विषय तिथेच संपायचा.

तो संपला नाही, याचं श्रेय आमच्या गल्लीच्या टोकाच्या वाचनालयातल्या ग्रंथपालांना. चष्मा कपाळावर सरकवून तोच चष्मा टेबलभर शोधणारा हा माणूस. ताई मुलांची पुस्तकं परत करायला गेली होती. बोलता बोलता विषय निघाला, तर ते म्हणाले, "पहिलं वर्ष पास आहात ना? मग ते वाया कशाला घालवताय?"

त्यांनी तिला समोर बसवून समजावलं. एक मुक्त विद्यापीठ होतं. ते जुन्या कॉलेजात पास झालेले विषय धरायचं. बऱ्याच विषयांची नुसती परीक्षा देता यायची. वर्गात बसलात की घरी शिकलात की कामावर शिकलात, कुणी विचारणार नव्हतं. पास झालात की त्या विषयाची क्रेडिट्स तुमची. काही विषय घरबसल्या छोट्या कोर्सनं करता यायचे. सगळी क्रेडिट्स एका ठिकाणी जमली की पदवी. परीक्षेची फी वेगवेगळी आणि थोडी थोडी, म्हणजे पगारातून झेपेल तेव्हा एक विषय घ्यायचा.

"आणि पुस्तकं?" ताईनं विचारलं.

"पुस्तकं?" ग्रंथपालांनी हात पसरून सगळी कपाटं दाखवली. "ही काय मी शोभेला ठेवलीत?"

घरी जेवताना तिनं ही बातमी फोडली. भावजी, म्हणजे तिचे मिस्टर, लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतात. माणूस मनानं सोनं, पण ऐकताना अर्धं लक्ष ताटात. त्यांच्या कानात एकच शब्द शिरला.

"क्रेडिट? म्हणजे उधारी ना? आपल्याला उधारी नको हं!"

"अहो, उधारी नाही. कमवायची असतात ती."

"मग कमव की," भावजी म्हणाले आणि पुढे जेवायला लागले. त्यांची परवानगी ही अशी.

सासऱ्यांचं तसं नव्हतं. ते जुने शिंपी. दुकान बंद केल्यावर कापायचं लांबलचक टेबल त्यांनी बाहेरच्या खोलीत आणून ठेवलं होतं आणि त्यावर कुणाला साधं वर्तमानपत्रही ठेवू द्यायचे नाहीत. ताईचं सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "या वयात?" आणि हात धुवायला उठले. ताईचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा ते टेबल मोकळं, पुसलेलं, खिडकीखाली सरकवलेलं होतं. सासरे पलीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते.

पहिली परीक्षा तिनं मुद्दाम सोपी निवडली. व्यवस्थापनाची मूलतत्त्वं. "हे तर मी रोज करते," ती म्हणाली. आणि चक्क नापास झाली.

परीक्षा केंद्रातून बाहेर आली ती तणतणतच. "प्रश्न काय, तर कर्मचारी वारंवार उशिरा येतो, सर्वप्रथम काय कराल? खाली चार पर्याय. अगं, पण कोण कर्मचारी? त्याच्या घरी कोण आजारी आहे का? बस चुकते का? काही सांगायलाच तयार नाहीत!"

"मग तू काय केलंस?"

"पेपराशी भांडत बसले. वेळ संपला."

मला हसू आवरेना. ती आधी रागावली, मग स्वतःच हसत सुटली. हसून झाल्यावर डोळे पुसत जे बोलली ते मला अजून आठवतं. "मला जे येतं ते आहेच. पण हे लोक जे विचारतात त्यातही काहीतरी असणार ना? ते मला येत नाही. ते शिकायला हवं."

तिथून तिचा अभ्यास खरा सुरू झाला. पाळीला जायच्या आधी सकाळी टेबलावर. दुपारच्या सुट्टीत लाँड्रीतल्या गाठोड्यांवर बसून. व्यवस्थापनाचा पेपर तिनं पुन्हा दिला आणि या वेळी चांगले गुण मिळवले. मग मानसशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास. एक सुटला की दुसरा. मधे मुलांच्या परीक्षा आल्या, भावजींचा पाय मुरगळला, मला बाळ झालं. तेव्हा विषय लांबणीवर पडायचा, पण सुटायचा नाही.

घरातले सगळ्यात कडक परीक्षक कोण निघाले, तर सासरे. मी पुढे प्रश्न आणि मागे उत्तर लिहून दिलेल्या चिठ्ठ्या ते शिलाईच्या चष्म्यातून एकेक अक्षर लावत वाचायचे. जीवशास्त्राच्या वेळी तर धमाल. "पर... पराव... परासरण म्हणजे काय, बोल!" आणि ताईनं उत्तर दिलं की चिठ्ठी उलटून बघायचे. एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला तरी मान हलवायचे. "असं नाही लिहिलेलं. पुन्हा."

"अहो बाबा, अर्थ तोच आहे!"

"बाही आणि कॉलर एकाच कापडाची असते, सूनबाई. म्हणून काय बाही गळ्याला लावायची?"

त्याच विषयात तिला जंतूंचा धडा होता. तो वाचून ती स्वयंपाकघरात आली ती डोळे चमकवतच. इतकी वर्षं मशीनचं तापमान ठरलेल्या आकड्याच्या खाली आलं की ती सगळी धुलाई पुन्हा लावायला सांगायची, कारण तसा नियम होता. "आज कळलं, त्या आकड्याला आत नक्की काय मरतं ते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मळक्या बाजूच्या सगळ्यांना जमवून तिनं ते सांगितलं. ऐकायला लोक घोळका करून उभे राहिले होते म्हणे.

असं सगळं रुळावर असताना वाटेत एक धोंडा आला. वक्तृत्व. पदवीला हा विषय घ्यावाच लागायचा. नियम असा की समोर खरी माणसं बसवून भाषण करायचं, ते न थांबता सलग चित्रित करायचं आणि पाठवायचं. प्रेक्षकही कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत.

जी बाई दोन भांडणाऱ्या माणसांना पाच मिनिटांत हसवायची, तिला यापायी घाम फुटला. "एकेकट्याशी बोलणं वेगळं," ती म्हणायची. "हे म्हणजे उगाच उभं राहायचं आणि सगळ्यांनी बघायचं."

शेवटी तिनं जागा निवडली ती लाँड्रीच. प्रमुख बाईंनी रीतसर परवानगी काढून दिली. दुपारच्या सुट्टीत मशीनं थांबवली. चादरींच्या गठ्ठ्यांवर, उलट्या टोपल्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे माणसं बसली. ट्रॉली ढकलणारे काका केस पाण्यानं चापून आले होते. सासरे कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. मोबाइल घेऊन समोर मी.

विषय होता, रोग्याची चादर कुठून कुठे जाते. ताई उभी राहिली, पहिलं वाक्य बोलली आणि थिजली. हाताची बोटं साडीच्या पदरात गुंतली. मी चित्रण थांबवलं. ती माझ्याकडे बघून मान हलवायला लागली, नाही जमणार.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासऱ्यांचा नेहमीचा करडा आवाज आला. "चादर पहिल्यांदा कुठे येते? बोल."

"मळक्या बाजूला," ताईच्या तोंडून आपोआप गेलं.

"मग तेच सांग की यांना. आम्हाला काय माहीत नाही असं धर."

सगळी लाँड्री खो खो हसली. ताईसुद्धा. तिनं पदर खोचला, मला खूण केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ती कॅमेऱ्याशी बोललीच नाही. ट्रॉलीवाल्या काकांशी बोलली, रोलरवरच्या दोघींशी बोलली. ताप आलेल्या माणसाला थंडगार स्वच्छ चादर अंगाखाली आली की काय वाटतं, हे सांगताना तिचा आवाज असा काही लागला की मोबाइलच्या पडद्याऐवजी मी तिच्याकडेच बघायला लागले. चित्रण हलतंय की काय याची मला धास्ती. संपल्यावर टाळ्या थांबेनात. त्या विषयात तिला सगळ्यात जास्त गुण पडले.

मधल्या काळात प्रमुख बाई निवृत्त झाल्या होत्या आणि त्या जागी बाहेरून एक तरुण पदवीधर आला. आम्हाला सगळ्यांना वाईट वाटलं. ताईनं मात्र पहिल्या दिवशी त्याला दोन्ही बाजू फिरवून दाखवल्या. "पोरगा चांगला आहे, विचारून करतो," ती म्हणाली आणि राहिलेले विषय पुरे करायला बसली.

पदवीदानाला आम्ही सगळे गेलो. तिथे भाड्यानं काळे झगे मिळत होते. ताईनं झगा अंगात घातला तर खांदे कोपरापर्यंत लोंबायला लागले. सासऱ्यांनी शिवण उलटून बघितली आणि असा चेहरा केला की झगेवाला दोन पावलं मागे सरला. "टाके आहेत की थट्टा?" त्यांनी खिशातून सुई-दोरा काढला, सुनेला तिथेच बाकावर बसवलं आणि जाता-येता लोक बघत असताना खांद्याला चुण्या घालून झगा तिच्या मापाचा केला. दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, "आता जा. सरळ चाल."

ती व्यासपीठावर गेली तेव्हा भावजी उठून उभे राहिले. मागच्या माणसानं खाली बसायला सांगितलं. "बायको आहे माझी!" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की आजूबाजूच्या दोन रांगा टाळ्या वाजवायला लागल्या.

आज ताई शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात लाँड्रीची विभागप्रमुख आहे. मुलाखतीत 'शिक्षण' या प्रश्नाला तिनं घसा न खाकरता उत्तर दिलं, असं तिनंच मला सांगितलं. तिथल्या रोलरवरच्या दोन मुलींनी आता याच रस्त्यानं परीक्षा द्यायची ठरवली आहे. त्यांना अभ्यासासाठी रोज थोडं लवकर सोडता यावं म्हणून तिची वरच्या साहेबांशी सध्या जुंपली आहे. काल फोनवर मी विचारलं, काय झालं त्याचं?

"ते अजून नाहीच म्हणतायत," ताई खुशीत म्हणाली. "म्हणू देत. उद्या पुन्हा जाते."